पहिला पेशंट

घराजवळच्या दवाखान्यात डायलिसिसची सोय नव्हती, म्हणून अश्लेषा सासऱ्यांना, अण्णांना, उज्जैनच्या नानाखेडा स्टँडवरून बसने इंदूरला न्यायची. तिथले नवे खासदार निवडून आले आणि आल्या आल्या त्यांनी त्या दवाखान्याला मशीन मिळवून दिलं. पण आलेलं मशीन झाकूनच ठेवलं होतं, कारण उद्घाटन व्हायचं होतं.

अश्लेषा खासदारांच्या सहायकाला, प्रसादला, भेटली. तो तिथल्या मराठी समाजातलाच, ओळखीचा.

"भाऊ, मशीन चालू तर करवा. अण्णांना आता बस सोसवत नाही. फीता नंतर कापा."

"वहिनी, साहेबांचं हे पहिलंच काम आहे. ते दिल्लीहून आले की लगेच करू."

पुढच्याच खेपेला, इंदूरहून परतताना, सांवेरजवळ अण्णांनी बसमध्येच तिच्या खांद्यावर मान टाकली, ती कायमचीच.

घरात अजून सुतक होतं, तेव्हा प्रसादचा फोन आला. "वहिनी, उद्या उद्घाटन पक्कं. अण्णांना घेऊन या, पहिला पेशंट म्हणून त्यांचाच फोटो घेऊ."

"अण्णा गेले, भाऊ."





"मग वहिनी, तुम्हीच या ना. फोटो होईपर्यंत नुसतं लेटायचं आहे."