रादकाबाईंची तत्परता

प्लॉवदिव शहरात रादकाबाईंचा बाइंडिंगचा छोटा कारखाना होता. निवृत्त न्यायाधीश स्टोइमेन यांनी आपल्या आत्मचरित्राच्या शंभर प्रती तिथं बाइंडिंगला टाकल्या होत्या. समोरच्या कॅफेतली कॉफी संपली की ते रोज रस्ता ओलांडून कारखान्याच्या दारात उभे राहत.

"अहो रादकाबाई, माझ्या हयातीत होणार आहे का हे काम?" ते इतक्या मोठ्यानं विचारत, की कॅफेतली मंडळीही माना वळवून बघत.

शेवटी रादकाबाईंना ते फारच झोंबलं. लग्नाचे अल्बम, विद्यार्थ्यांचे प्रबंध असं सगळं बाजूला सारून त्यांनी सारे कामगार त्या एकाच पुस्तकाला जुंपले. पुढच्या खेपेला न्यायाधीश ओरडायला तोंड उघडणार, तोच रादकाबाईंनी सोनेरी अक्षरांची कोरी करकरीत प्रत त्यांच्या हातात ठेवली.

"घ्या साहेब. सगळ्या प्रती तयार आहेत."

न्यायाधीशांचा चेहरा खर्रकन उतरला. कॅफेकडे चोरून बघत ते हळूच म्हणाले, "बाई, एवढी घाई करायला कुणी सांगितलं होतं? वर्षभर ही माणसं 'या लेखकमहाशय, बसा' म्हणून खुर्ची देतायत मला. आता वाचतील ना!"