नळाखाली धरलेली गन

स्प्रे गन नळाखाली धरली. रंग पाण्याबरोबर वाहून जायला हवा होता, पण त्याच्या चिकट गुठळ्या झाल्या आणि माझ्या बोटांवर बसल्या.

डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा थिनरच्या वाफेत गेलात तर फुप्फुसं उरणार नाहीत. त्याच आठवड्यात धाकटा भाऊ भालचंद्र पाण्यात कालवायचा नवा रंग घेऊन आला. गाड्या रंगवून रंगवून माझं नाक कधीच मेलंय, पण त्या दिवशी डोळे भरून आले. रंग तोच कालवून द्यायचा, गनही तोच धुवायचा. "तू दमतोस, दादा." आणि मी मूर्ख कौतुक करायचो, नवा रंग हातात अगदी जुन्यासारखाच चालतो म्हणून!

आज तो लग्नाला गेला होता, म्हणून गन मी धुतली.

तो आल्यावर बोटं त्याच्यासमोर धरली. "नव्या डब्यात थिनरचाच रंग?"

"नवा लवकर सुकत नाही, गिऱ्हाईक थांबत नाही," तो म्हणाला. "आणि तुला कुठे वास येतो?"

हे तो पेंट बूथच्या दारातूनच बोलला, नाकाला रुमाल लावून. नेहमी तिथूनच बोलतो. मला वाटायचं, ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून आत येत नाही.