कड्यांची पुडी

"चार कड्या काढा आणि आटपा लवकर," हेरंब म्हणाला. आजारानं वाळलेल्या बापाचा हात त्यानं माझ्या काउंटरवर असा आपटला, जणू घड्याळ नव्हे, बापच दुरुस्तीला आणलाय.

मी पिना ठोकून चेनीच्या चार कड्या काढल्या. घड्याळ तात्यांच्या मनगटावर घट्ट बसलं. काढलेल्या कड्या गिऱ्हाइकाला परत द्यायच्या, ही आमच्या धंद्याची रीत. कागदाच्या पुडीत बांधून हेरंबला दिल्या. "जपून ठेवा. तात्यांच्या अंगावर मांस चढलं की लागतील."

"आता कसल्या लागतायत!" पुडी केराच्या डब्यात टाकून हा शहाणा गाडीकडे चालतासुद्धा झाला. तात्यांनी कसंबसं वाकून ती उचलली, माझं पेन मागून घेतलं, वर काहीतरी लिहिलं आणि पुडी माझ्याच हातात दिली.

तीन महिन्यांनी हेरंब तेच घड्याळ घेऊन एकटा आला. तात्या गेल्याचं त्याचं मुंडण केलेलं डोकंच सांगत होतं. गुबगुबीत मनगटाला चेन पुरत नव्हती.

"वडिलांची आठवण म्हणून वापरीन म्हणतो. पण या जुन्या चेनीच्या कड्या कुठंच मिळत नाहीत हो."

आठवण म्हणे! चांगला खडसावणार होतो. खण उघडून पुडी काढली आणि तात्यांचं थरथरतं अक्षर पहिल्यांदा नीट वाचलं: 'हेरंबचं मनगट जाड आहे. त्याला लागतील. द्या, पण बोलू नका.'

मी एक शब्द बोललो नाही. फक्त अक्षर त्याच्या बाजूला येईल, अशी पुडी फिरवून ठेवली.