न फुलणारी वेल

तिसऱ्या वर्षीही खिडकीतली वेल फुलेना, तेव्हा कंदवाल्यांनी तिच्या बुडाशी आणखी एक घमेलं खत ओतलं. किती पोसाल तिला, बायको म्हणाली, उद्या घरातच राहायला येईल.

कंदवाल्यांचा सारा जन्म या वेलींत गेला होता. वेल जातीनं शेंगांची, पण विकायचे ते जमिनीतले कंद. कळी दिसली की खुडायची, नाहीतर कंद पोसत नाही. चाळीस वर्षांत त्यांच्या मळ्यात एक फूल उमललं नव्हतं. म्हणूनच लेकीनं आपल्या मर्जीनं लग्न केलं तेव्हा रागाच्या भरात ते बोलून गेले, "आपल्या वेलीला फूल येईल, तेव्हाच या घरात पाऊल टाक."

म्हणजे कधीच नाही. लेकीला ते बरोबर कळलं. नेसत्या कपड्यांनिशी गेली.

राग वर्षभरात ओसरला. पण बोललेला शब्द गिळायचा कसा? मग त्यांनी मळ्यातली एक वेल खिडकीपाशी आणून लावली आणि तिची कळी खुडायची नाही असं ठरवलं. बायकोलाही सांगितलं नाही. फूल दिसलं की पहिल्या गाडीनं लेकीला आणायला जायचं. तिच्या आठवणीनं घशाखाली घास उतरत नसे. कुणी विचारलं की म्हणत, दाढ दुखतेय.

यंदा बायको दोन दिवस तापानं पडून होती. त्या दोन दिवसांत वेलीवर चक्क तीन कळ्या दिसल्या. कंदवाल्यांना आनंदानं झोप लागेना. पहाटेच उठून ते खिडकीशी गेले.

बायको त्यांच्याआधी तिथे पोचली होती. ताप उतरला होता. सवयीच्या हातानं ती शेवटची कळी खुडत होती.

"अगं, तुला लेक नकोय का?" त्यांचा आवाज फाटला. "तिच्यासाठी लावलीय मी ही वेल."

"ठाऊक आहे मला." तिनं मूठ मिटली. "पहिल्याच वर्षी फुलली होती. तुम्ही बाजाराला गेला होतात. मी फूल घेऊन तडक तिच्याकडे गेले."

"मग?"

तिनं मूठ उघडून खुडलेल्या कळ्या खिडकीत ठेवल्या.

"तिनं फूल बघितलं, आणि म्हणाली, बाबांना सांग, आता मला यायचं नाही."