मालकाचं एक वाक्य

तीस वर्षं माहितीपट काढून बाईंच्या वाट्याला पुरस्कारांपेक्षा नोटिसाच जास्त आल्या होत्या. नवा माहितीपट कापड गिरणीतल्या आगीवर होता. त्या आगीत नऊ कामगार बायका आत कोंडून मेल्या होत्या, आणि गिरणीचा मालक कॅमेऱ्यासमोर गुर्मीत बोलून गेला होता, "दाराला कुलूप लावायला मीच सांगितलं होतं. सारख्या बाहेर पळायच्या."

परीक्षण समितीच्या अध्यक्षांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "हे वाक्य ऐकू येता कामा नये. तेवढा आवाज बंद करा आणि प्रमाणपत्र घेऊन जा."

"आणि चित्र?"

"चित्राला आमची हरकत नाही."

"मग सांगा, सही कुठे करू?" बाई म्हणाल्या.

बाहेर येताच त्यांचा संकलक तडकला. "ताई, एकेका शब्दासाठी तुम्ही कोर्टाची पायरी चढलात. आज मुकाट्याने मान तुकवलीत?"

"पहिला खेळ गिरणीच्या वस्तीत लाव," एवढंच बोलून बाई जिना उतरू लागल्या.

खेळाच्या दिवशी गिरणीतल्या बायकांनी सभागृह गच्च भरलं. मालक पडद्यावर आला. त्याचे ओठ हलत राहिले आणि आवाज बंद झाला.



यंत्रमागांच्या खडखडाटात जन्मभर एकमेकींचं बोलणं ओठांवरूनच ओळखत आलेल्या त्या तीनशे बायकांनी ते वाक्य शब्द न् शब्द मोठ्याने वाचून काढलं.