डावीकडचं हँडल

प्रफुलनं हँडल बसवलं, दार आतून उघडलं आणि प्रश्न कायमचा मिटला. हे वाक्य तूर्तास विसरा. अजून काहीच झालेलं नाही. प्रफुल आर्वीजवळच्या एका शेतात, कडुलिंबाखाली उभ्या असलेल्या बिनचाकांच्या जुन्या मारुतीसमोर उकिडवा बसला आहे. आत डावीकडच्या सीटवर एक कोंबडी बसली आहे.

कोंबडीच्या बाजूच्या दाराला हवं ते सगळं होतं. राखाडी हँडल, हँडलभोवतीची प्लास्टिकची वाटी, दोन्ही स्क्रू.

"हँडल नेजो ना भाऊ," गाडीचा, शेताचा आणि कोंबडीचा मालक तानबा म्हणाला. "पण ते आजच अंड्यावर बसली. दार हाललं तं उठन. एकवीस दिवसानं येजो."

"मी हळूच काढतो."

"मले काय सांगतं? तिले विचार."

प्रफुलनं कोंबडीकडे पाहिलं. ती विचार बदलेल असं वाटत नव्हतं.

दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. पण प्रफुलनं वर्ध्यातली सगळी दुकानं पालथी घातली होती. नागपूरच्या भंगारात त्याला उजवीकडची चौदा हँडलं दिसली, डावीकडचं एकही नाही. "उजवीकडचंच उलटं लाव," असा सल्ला एका दुकानदारानं दिला. प्रफुलनं लावून पाहिलं. दार उघडलं नाही. हॉर्न मात्र वाजला.

नालवाडीतल्या त्यांच्या घरच्या मारुतीचं डावीकडचं दार गेली बावीस वर्षं आतून उघडत नव्हतं. आतलं हँडल तुटलं, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. तिथे बसायची आई, रुख्माबाई. गाडी थांबली की बाबा, वासुदेवराव, आपल्या बाजूनं रस्त्यावर उतरायचे, बोनेटला वळसा घालायचे आणि बाहेरून तिचं दार उघडायचे. आता वासुदेवराव चौऱ्याहत्तरचे होते आणि त्यांचे गुडघे त्यांच्याहून वयानं मोठे. मागच्या महिन्यात सिंदी मेघेच्या रस्त्यावर असाच वळसा घालताना एक ट्रॅक्टर त्यांची काठी घेऊन गेला. वासुदेवराव राहिले ते थोडक्यात. त्याच संध्याकाळी प्रफुलनं ठरवलं, हा वळसा बंद.

"काच खाली कर, हात बाहेर घाल अन् बाहेरून उघड ना आई," असं त्यानं आधी सुचवून पाहिलं होतं.

"बांगड्या अटकतात," रुख्माबाईंनी सांगितलं होतं.

वासुदेवरावांचं मत विचारून उपयोग नव्हता. जिल्हा परिषदेत छत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळल्यामुळे ते घरातही महत्त्वाचं सगळं लेखीच कळवत. चहात साखर कमी पडली तरी फ्रिजवर अर्ज लागायचा.

एकविसाव्या दिवशी सकाळी प्रफुल तानबाच्या शेतात हजर होता. नऊ पिल्लं निघाली होती. तानबानं हँडल काढून दिलं, वाटी दिली, स्क्रू दिले आणि वर एक पिल्लू दिलं.

"हे कायले?"

"घे. एकवीस दिवस तूही बसलाच ना."

आता ते पहिलं वाक्य आठवा. ते त्याच दुपारी घडलं. रुख्माबाईंनी दार आतून दोनदा उघडून पाहिलं, "बरं झालं बाप्पा" म्हणाल्या आणि पिल्लाला कण्या टाकायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल नव्हतं. वाटी नव्हती. स्क्रूही नव्हते. गाडी होती, गाडीतला रेडिओ होता, डॅशबोर्डवर विसरलेला वासुदेवरावांचा चष्माही होता. इतका निवडक चोर प्रफुलनं पाहिला नव्हता. तो विचार करत स्वयंपाकघरात आला आणि ओरडणाऱ्या पिल्लासाठी कण्यांच्या डब्यात हात घातला. हाताला हँडल लागलं. त्याच्या खाली अजून एक हँडल होतं. जुनं, राखाडी, कुठेही न तुटलेलं.

"आई, हे तं तुटलं होतं ना?"

रुख्माबाई मेथी निवडत होत्या. "तुटते कायले? मी काढलं. चमच्यानं."

"काऊन?"

"चव्वेचाळीस वर्षांत तुह्या बाबानं मले पाण्याचा गिलास देला नाई. एक डाव लग्नात गेलतो तं दार अटकलं. उतरून आले अन् उघडून देलं. चार बाया पाहून राह्यल्या होत्या." त्यांनी एक काडी मोडून बाजूला टाकली. "घरी आल्यावर मी स्क्रू काढले."

प्रफुल दोन्ही हँडलं घेऊन उभा राहिला. हे बाबांना सांगायचं की नाही, ते त्याला ठरवता येईना. निदान पाणी प्यावं म्हणून तो फ्रिजकडे वळला. फ्रिजवर ताजा अर्ज लागला होता.

"प्रति, गाडी बनविणारी कंपनी. प्रत माहितीसाठी: चि. प्रफुल. विषय: डावीकडील आतील हँडलबाबत. महोदय, सदर हँडल आमच्या स्वयंपाकघरात असल्याची माहिती अर्जदारास सन २००४ पासून आहे. त्याबाबत अर्जदाराची तक्रार नाही. गुडघ्यांचीही नाही. यापुढे गाडी रस्त्याच्या खाली उतरवूनच थांबविली जाईल. तरी सदर मॉडेलच्या देशात शिल्लक असलेल्या सर्व गाड्यांची डावीकडील आतील हँडले आपण तात्काळ काढून घेऊन नष्ट करावीत, जेणेकरून ती चिरंजीवांना पुन्हा सापडणार नाहीत, ही नम्र विनंती."