दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. टेस्टच्या दिवशी चढावर वरकुट्याच्या प्रगतीची गाडी मागं घसरायला लागली, तेव्हा गेणू मास्तरांनी तो गुपचूप दाबला. बाहेर उभ्या आरटीओच्या साहेबांना काही कळलं नाही. प्रगती पास झाली. पास झालं की सगळेच पेढे आणतात. तिनं आणले नाहीत. मास्तरांचं तिकडं लक्षच नव्हतं. ती आता सासूला रोज बारामतीच्या दवाखान्यात नेणार, हे ऐकल्यापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. तिच्या गाडीत दुसरा ब्रेक नव्हता.

"आठ दिवस अजून ये. पैसं नकोत," ते म्हणाले. "लायसन निघालं म्हंजी गाडी चालवाया आली असं न्हाय."

सात दिवस ती स्कूलच्या गाडीवर शिकली. आठव्या दिवशी स्वतःची गाडी घेऊन आली. इंदापूर रस्त्याला पुढचा उसाचा ट्रॅक्टर एकाएकी थांबला. मास्तरांचा पाय रिकाम्या जागी आपटला. गाडी मात्र थांबली होती, ट्रॉलीपासून चांगली लांब.

प्रगतीनं मागच्या सीटवरून पेढ्यांचा पुडा काढला. "टेस्टला ब्रेक तुमी दाबला व्हता, मास्तर. मला तवाच कळलं. पास मी आज झाले."

मास्तरांनी पेढा घेतला, पण हात तोंडाकडं जाईना. तिच्याआधी ज्यांच्या ज्यांच्यासाठी त्यांनी तो ब्रेक दाबला होता, त्या सगळ्यांनी पेढे टेस्टच्याच दिवशी आणले होते. आणि मास्तरांनी ते मिटक्या मारत खाल्ले होते.